दरोड्याचा सिनेमा लिहिताना: मालापासून वाटणीपर्यंत

दरोड्याच्या सिनेमात प्रेक्षक चोराच्या बाजूने का होतो, हा प्रश्न पटकथेचं पहिलं पान लिहिण्याआधीच सोडवायला हवा. बरेच नवे लेखक त्यासाठी चोराला गरीब करतात, त्याच्या आईला आजारी पाडतात, समोर एखादा नालायक सावकार उभा करतात. त्याने सहानुभूती मिळते, पण श्वास रोखला जात नाही. माझं मत असं की आपल्याला मन लावून काम करणारी माणसं बघायला मनापासून आवडतात. अवघड काम, मोजका वेळ, चुकायला जागा नाही, आणि ते करणारे हात सराईत. एवढं दिसलं की आपण त्या हातांच्या बाजूने होतो, मग ते तिजोरी का फोडत असेनात.

दुसरी गोष्ट, ते काम फसतं कशामुळे. निव्वळ नशिबामुळे फसलं तर प्रेक्षक चुकचुकतो आणि विसरतो. करणाऱ्याच्या स्वभावामुळे फसलं तर ते घरी जातानाही डोक्यातून जात नाही. हा लेख या दोनच गोष्टींवर उभा आहे: काम खरं दाखवायचं, आणि घाताचं बी काम सुरू होण्याआधीच माणसात पेरून ठेवायचं. लघुपट लिहीत असाल किंवा दोन तासांचा सिनेमा, पायऱ्या त्याच. पुढे काही सिनेमांचे शेवट सांगावे लागणार आहेत. त्याला इलाज नाही, कारण या प्रकारातलं बरंचसं शिक्षण शेवटातच असतं.

पायरी १: माल ठरवा आणि त्याचं वजन करा

‘पन्नास कोटींचा दरोडा’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. एक कोटी रुपये ५०० च्या नोटांत म्हणजे २०,००० नोटा, शंभर-शंभरच्या २०० गड्ड्या. एक नोट साधारण एक ग्रॅमची धरली तरी वीस किलोच्या पुढे वजन जातं. तेवढं एक धडधाकट माणूस पाठीवर टाकून जिना उतरेल. पन्नास कोटी म्हणजे एक टनाहून जास्त. त्याला टेम्पो लागणार, टेम्पोला ड्रायव्हर लागणार, ड्रायव्हरला बायको असणार आणि ती विचारणार, की रात्री दोनला कसलं भाडं? नुसत्या वजनातून एक पात्र आणि एक धोका आयता मिळाला.

सोन्याचं उलट आहे. शंभर किलो सोनं साधारण सव्वापाच लिटर जागेत मावतं, म्हणजे तेलाच्या एका कॅनएवढ्या. पण तो कॅन उचलायला गेलात तर कंबर राहते की जाते अशी गत. हिरे खिशात जातात, मात्र ते विकत घेणारा माणूस विश्वासातला लागतो आणि तो निम्म्याहून कमी भाव देतो. प्रसिद्ध चित्र किंवा देवाची प्राचीन मूर्ती तर बाजारात दाखवताच येत नाही. प्रत्येक मालाची आपली अडचण असते, आणि तुमच्या कथेचा उत्तरार्ध त्या अडचणीतूनच यायला हवा.

स्टॅन्ली कुब्रिकच्या १९५६ च्या ‘द किलिंग’मध्ये हे फार नेमकं आलंय. रेसकोर्सवरच्या वीस लाख डॉलरवर डल्ला मारायची योजना तडीस जाते. पण साथीदार मेलेले, वेळ संपत आलेला, म्हणून जॉनी क्ले घाईत एक जुनी मोठी बॅग विकत घेतो. तिचं कुलूप नीट लागत नाही, हे कॅमेरा आपल्याला दाखवतो. विमानतळावर ती बॅग आकाराने मोठी म्हणून हातात न्यायला मनाई होते, सामानात द्यावी लागते. धावपट्टीवर एका बाईचं कुत्रं सुटतं, सामानाची गाडी वळते, बॅग पडून उघडते आणि पंख्याच्या वाऱ्यात नोटा उडून जातात. कुत्रं हा योगायोग खरा. पण रक्कम एवढी मोठी नसती तर बॅग मोठी लागली नसती, आणि साथीदारांपैकी एकाने बायकोपुढे तोंड उघडलं नसतं तर बॅग घाईत घ्यावी लागली नसती. मागे चालत गेलं की साखळी माणसापाशीच पोचते.

आपल्याकडची एक खरी घटना याच कारणासाठी अभ्यासण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये सेलमहून चेन्नईला जाणाऱ्या रेल्वेगाडीत बँकांच्या जुन्या, मळलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेकडे चालल्या होत्या. चोरांनी डब्याच्या छताला भोक पाडलं आणि पाच कोटींहून जास्त रक्कम लांबवली. पुढे तीनच महिन्यांत, ८ नोव्हेंबरला, ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. हे तुम्ही कल्पनेने लिहिलं असतं तर कुणी ‘फारच सोयीस्कर’ म्हणालं असतं. पण या घटनेपासून सुरुवात करून विचार करा: ज्या माणसाने घाईने खर्च केला तो वाचला, ज्याने शहाणपणाने पुरून ठेवले तो बुडाला. इथे एक अख्खा सिनेमा आहे.

एका कागदावर पाच ओळी लिहा: माल काय, वजन किती, आकार केवढा, कशातून नेणार, कोण घेणार. शेवटच्या दोन ओळी कोऱ्या राहिल्या तर पटकथेला हात लावू नका.

पायरी २: जागा पायी बघून या

स्विस बँक किंवा लास व्हेगासचा कसिनो लिहिण्यापेक्षा जिथे तुम्ही स्वतः उभे राहू शकता अशी जागा घ्या. गावातला सराफ कट्टा, सोनेतारण कर्ज देणारी पतसंस्था, देवस्थानाची दानपेटी मोजायची खोली. माझी आवडती जागा मंगल कार्यालय. लग्नाच्या दिवशी वधूपक्षाच्या खोलीत एका लोखंडी कपाटात काही तोळे नव्हे, काही किलोही दागिने असू शकतात. किल्ली एका मावशीच्या कमरेला असते. खोलीत सतत कुणीतरी साडी बदलत असतं, आणि पाचशे पाहुण्यांत दोन्हीकडच्यांना ओळखणारा माणूस एकही नसतो. मंगलाष्टकं सुरू झाली की खोली रिकामी होते. किती मिनिटं? हे तुम्ही घड्याळ लावून बघू शकता, आणि असं मोजलेलं पटकथेत लगेच जाणवतं.

जागेवर जाऊन तीन नोंदी करा. शटर कधी वर जातं आणि कधी खाली येतं. वॉचमनची पाळी कधी बदलते, आणि दुसरा उशिरा आला तर पहिला थांबतो का. चहावाला, दूधवाला, सफाईवाली अशी ‘कुणाच्याच लक्षात न येणारी’ माणसं केव्हा आत-बाहेर करतात. मग नकाशा काढा.

अडथळे तीनपेक्षा जास्त ठेवू नका. सहा कुलपं, लेझर, कॅमेरे, कुत्रे, डोळ्यांचं स्कॅनर असं सगळं एकदम आलं की प्रेक्षक एकाचीही काळजी करत नाही. तीन अडथळे, आणि तिन्ही कसे चालतात हे प्रत्यक्ष चोरीच्या आधी दाखवलेलं. चोरी सुरू झाल्यावर खुलासा करत बसलात तर ताण तिथेच संपला.

पायरी ३: टोळी जमवा

प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी ठरवा: त्याच्या हातात काय कसब आहे, त्याला नेमके किती पैसे हवेत, आणि त्याची खोट कुठे आहे. ‘खूप पैसे हवेत’ हे उत्तर चालणार नाही. बहिणीच्या हॉस्पिटलचे चार लाख वीस हजार हवेत, असं असेल तर त्याच्या वाट्याला चार लाख आले तेव्हा काय होईल, हा प्रसंग आपोआप तयार होतो.

जॉन ह्यूस्टनच्या १९५० च्या ‘द अस्फाल्ट जंगल’मध्ये प्रत्येक जण असाच घडवलेला आहे. डिक्सला घराण्याच्या हातून गेलेलं केंटकीतलं शेत परत घ्यायचंय. तिजोरी फोडणारा लुई घरी तान्हं मूल सोडून आलाय. आणि सगळी योजना आखणारा म्हातारा डॉक, जो कधी आवाजही चढवत नाही, त्याला तरुण मुलींकडे बघत राहायची सवय आहे. ही सवय सिनेमा अगदी सुरुवातीला, सहज जाता जाता दाखवतो. शेवटी डॉक पळून जाऊ शकत असतो. वाटेत एका उपाहारगृहात एक मुलगी गाणं लावून नाचते आणि तो ‘अजून एक’ म्हणून थांबतो. तेवढ्यात पोलीस येतात. शहाण्या माणसाला त्याच्या खोटेने पकडलं.

टोळीत किती माणसं घ्यायची, याला आपल्याकडे कायद्याचीही बाजू आहे. पाच किंवा त्याहून जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा ठरतो. दरोड्यात एकाने खून केला तर बाकीच्यांनाही जन्मठेप किंवा फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. चौघांची टोळी आणि पाचवा येऊ बघतोय, अशी परिस्थिती लिहा. अनुभवी माणूस त्याला नाही म्हणतोय, पण कारण सांगत नाहीये. शिवाय दरोड्याची नुसती तयारीसुद्धा गुन्हा आहे. ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’ ही बातमी आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे: कोयता, दोरी, मिरची पूड, कटावणी असा मुद्देमाल जप्त. म्हणजे तुमचा खलबतांचा प्रसंगही सुरक्षित नाही. त्या खोलीचं दार वाजलं की पोटात गोळा यायलाच हवा.

पायरी ४: योजना किती सांगायची

या प्रकारात एक जुना, पाळला जाणारा नियम आहे. योजना आधी पूर्ण सांगितली तर ती बिघडली पाहिजे, कारण जे ऐकलं तेच जसंच्या तसं बघण्यात मजा नाही. योजना लपवली तर ती यशस्वी होऊ द्या, कारण तिचा उलगडा हीच मजा. नियम बरोबर आहे, पण दुसरा मार्ग लोकांनी फार वापरून गुळगुळीत केलाय. शेवटच्या पाच मिनिटांत मागे जाऊन ‘खरं तर तेव्हा असं झालं होतं’ म्हणत वीस गोष्टी दाखवायच्या, ही लेखकाची उधारी आहे. प्रेक्षकाने जे पाहिलं त्यातच उत्तर असायला हवं, फक्त त्याचं लक्ष दुसरीकडे हवं.

मला तिसरा मार्ग सगळ्यात जवळचा वाटतो: पद्धत सांगा, क्रम सांगू नका. कुठलं हत्यार कशाला लागतं, कुठल्या आवाजाने घंटा वाजते, हे सगळं प्रेक्षकाला शिकवा. काम त्याने तुमच्याबरोबर सोडवू द्या.

आणि एक चौथा, जो मुंबईने प्रत्यक्षात घडवून दाखवला. मार्च १९८७ मध्ये एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तचर अधिकारी हवेत अशी जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले आणि त्यांना सरावाचा छापा म्हणून ऑपेरा हाउसजवळच्या नावाजलेल्या सराफी पेढीवर नेलं. त्यांनी खरोखरच शिस्तीत छापा घातला. तो माणूस दागिने घेऊन निघून गेला आणि कधीच सापडला नाही. इथे टोळीलाच योजना ठाऊक नव्हती. नीरज पांडे यांच्या २०१३ च्या ‘स्पेशल २६’चा आधार ही घटना आहे. त्यांनी त्या एका माणसाची चौघांची टोळी केली, तिच्या मागावर एक सीबीआय अधिकारी लावला, आणि त्यामुळे सिनेमाला दोन बाजू मिळाल्या. खऱ्या घटनेवरून लिहिताना असाच प्रश्न विचारायचा: यात कोण नव्हतं, जे असायला हवं?

पायरी ५: प्रत्यक्ष काम

इथे घाई करू नका. कागदावर हा प्रसंग बहुतेक जण दीड पानात उरकतात आणि म्हणतात, बाकी दिग्दर्शक बघेल. दिग्दर्शकाला बघायला काहीतरी द्यावं लागतं.

ज्यूल्स डसँचा ‘रिफिफी’ (१९५५) या एका प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा बघा. हॉलिवूडने राजकीय कारणांवरून काळ्या यादीत टाकलेला हा अमेरिकन दिग्दर्शक. फ्रान्समध्ये काही वर्षं काम नाही, मग हा कमी पैशांतला सिनेमा हाती आला. त्यात पॅरिसमधल्या जवाहिऱ्याच्या दुकानातली चोरी सुमारे अर्धा तास चालते. संवाद नाही, संगीत नाही. संगीतकार जॉर्ज ऑरिक यांनी प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. डसँनी त्यांना प्रसंग संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही प्रकारे दाखवला, आणि संगीत नको हे ऑरिकनाही पटलं.

पण शांतता हा नुसता शैलीचा भाग नाही, आणि नक्कल करणारे नेमके इथे चुकतात. आधीच्या एका प्रसंगात टोळीने दुकानातल्यासारखीच धोक्याची घंटा आणून तिच्यावर प्रयोग केलेले असतात. जराशा हादऱ्याने ती कशी वाजते हे आपण पाहिलेलं असतं. आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्यात भरला की ती मुकी होते, हेही पाहिलेलं असतं. त्यामुळे वरच्या मजल्यावरून जमीन फोडताना प्रत्येक ठोक्याला आपला श्वास अडतो. शांततेला कारण आहे आणि ते आपल्याला ठाऊक आहे.

मग छत्री येते. जमिनीला लहानसं भोक पडल्यावर एक मिटलेली छत्री त्यातून खाली सोडतात आणि खाली उघडतात. आता वरून फोडलेला चुन्याचा, सिमेंटचा सगळा चुरा दुकानाच्या फरशीवर न पडता छत्रीत जमा होतो. कुणी कुणाला समजावत नाही. आपण छत्री बघतो, क्षणभर कळत नाही, मग चुरा पडतो आणि कळतं. तो कळण्याचा क्षण हाच या प्रकारातला खरा आनंद. तुमच्या पटकथेत अशी एक तरी साधी, घरात सापडणारी वस्तू शोधा जी अनपेक्षित काम करते. महागडं यंत्र नको. मंगल कार्यालयातच बघायचं तर अंतरपाट, अक्षतांचं ताट, फोटोवाल्याची छत्री, बँडवाल्याचा ढोल अशा वस्तू पडलेल्याच आहेत.

लिहिताना प्रत्येक कृतीला स्वतंत्र ओळ द्या. ‘ते तिजोरी फोडतात’ असं नाही. कोणाचा हात, कोणतं हत्यार, कसला आवाज, मग थांबणं, मग ऐकणं. काम करणाऱ्यांचं आपसातलं बोलणं डोळ्यांनी आणि खुणांनी होऊ द्या. मध्ये एकदाच बाहेरची चाहूल घाला: रस्त्यावरून जाणारा माणूस, गस्तीची गाडी. तीनदा घातलीत तर तिसऱ्यांदा कुणी घाबरणार नाही.

पायरी ६: मागावरचा माणूस

पोलिसाला मूर्ख केलंत की चोराचं कौशल्यही स्वस्त होतं. मायकल मानच्या ‘हीट’मध्ये (१९९५) पोलीस आणि दरोडेखोर कॉफी प्यायला समोरासमोर बसतात आणि दोघांनाही दिसतं की आपण आपल्या कामाशिवाय दुसरं काही करू शकत नाही. या भेटीमागे शिकागोतल्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा आणि खऱ्या दरोडेखोराचा किस्सा आहे. म्हणूनच बहुधा त्या टेबलावर एकही वाक्य टाळ्यांसाठी आलेलं वाटत नाही.

आपल्याकडचं लिहायचं तर पंचनामा, श्वानपथक, ठसे, सीसीटीव्हीचं फुटेज, टॉवरवरून काढलेले मोबाईल नंबर हे सगळं हवंच. पण जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेत एखादा हवालदार असा असतो की फोडलेल्या कुलपाकडे बघून तो तालुका सांगतो. त्याचा खबरी पानटपरीवर बसतो. त्या हवालदाराला तुमच्या नायकाएवढंच कसब द्या.

पायरी ७: वाटणी

चोरी मध्यंतराच्या आधी संपवली तर सिनेमा विश्वासघाताचा होतो, शेवटी ठेवली तर कामगिरीचा. पहिला प्रकार मला जास्त समृद्ध वाटतो. पुण्यात वाढलेल्या श्रीराम राघवन यांच्या ‘जॉनी गद्दार’मध्ये (२००७) पाच भागीदार एका सौद्यात प्रत्येकी पन्नास लाख घालतात, एकूण अडीच कोटी. त्या पैशांवर डल्ला मारणारा गद्दार कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळतं, बाकीच्या भागीदारांना नाही. रहस्य देऊन टाकलं आणि त्या बदल्यात काळजी मिळवली. आपण एका खुन्याबरोबर घाम गाळत बसतो.

‘रिफिफी’त चोरी निर्दोष होते. पण तिजोरी फोडणारा सेझार एक अंगठी हळूच खिशात घालतो आणि आपल्या आवडत्या गायिकेला देतो. त्या अंगठीवरून सगळी टोळी संपते. (सेझारचं काम खुद्द डसँनी केलंय, वेगळ्या नावाने.) सेझारचा बायकांवर जीव आहे हे आपल्याला त्याच्या पहिल्या प्रवेशापासून ठाऊक असतं.

खऱ्या आयुष्यातही असंच होतं. फेब्रुवारी २००३ मध्ये अँटवर्पच्या हिरेबाजारातली अभेद्य समजली जाणारी तिजोरी रिकामी झाली. दहा कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त माल गेला असं मानतात. टोळीचा म्होरक्या त्याच इमारतीत कार्यालय भाड्याने घेऊन बसला होता. पोलीस त्याच्यापर्यंत पोचले ते महामार्गाच्या कडेला टाकलेल्या कचऱ्यावरून, ज्यात अर्धवट खाल्लेलं सँडविचही होतं. एवढी तयारी केलेल्या माणसांना शेवटची पिशवी नीट जाळता आली नाही. तुमच्या कथेत ती पिशवी कुणाच्या हातात होती, तो का घाबरला, हे आधीच्या पायऱ्यांत लिहिलेलं असायला हवं.

पायरी ८: पटकथा उलटी वाचा

पहिला खर्डा झाला की शेवटच्या प्रसंगापासून मागे या. काम फसलं त्या क्षणावर बोट ठेवा आणि विचारा, हे बी कुठल्या पानावर पेरलं? पान सापडलं नाही तर पेरा. चोरीच्या अगदी आधीच्या पानावर सापडलं तर आणखी मागे न्या, आणि एखाद्या हलक्याफुलक्या प्रसंगात लपवा, जिथे प्रेक्षक हसत असेल.

मग दुसरी फेरी: चोरीच्या प्रसंगातले सगळे संवाद खोडून वाचा. कळतंय? तर ते परत लिहू नका. कळत नसेल तर जे अडलं ते संवादाने भरू नका, पायरी २ वर जाऊन तो अडथळा आधी दाखवा.

तिसरी फेरी एखाद्या मित्राबरोबर. पटकथा त्याला द्यायची नाही, तोंडी सांगायची. तो मध्येच ‘अरे पण मग ते अमुक का नाही करत?’ असं म्हणाला की लगेच लिहून घ्या आणि समर्थन करू नका. त्याला जो सोपा मार्ग सुचला तो तुमच्या पात्रांनाही सुचलाच असता. तो मार्ग बंद का आहे, यासाठी टोळीतल्या एकाला एक ओळ द्या, नाहीतर त्याच मार्गाने जा.